फोर्ज्ड पिस्टन: ४०३२ की २६१८?

घरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडून त्याची ताकद वाढवायची ठरली, की फोर्ज्ड (दाब देऊन घडवलेले) पिस्टन कोणत्या मिश्रधातूचे घ्यायचे हे बोअरिंगच्या (सिलिंडर आतून कापून रुंद करण्याच्या) आधीच ठरवावे लागते, कारण सिलिंडरचे अंतिम माप पिस्टन हातात आल्यावर आणि प्रत्यक्ष मोजल्यावरच निश्चित करता येते.

४०३२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. त्यामुळे तो तापल्यावर कमी प्रसरण पावतो, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट लहान ठेवता येते आणि स्कर्टही (पिस्टनचा खालचा, भिंतीला टेकणारा भाग) कमी झिजतो. २६१८ या दुसऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन नगण्य असल्याने फट मोठी ठेवावी लागते, आणि थंड इंजिन सुरू करताच स्कर्ट भिंतीवर आपटल्याची टकटक ऐकू येते. इंजिन गरम होताना ती विरत गेली, तर घाबरून हेड पुन्हा उतरवण्याचे कारण नाही.

खरा फरक डेटोनेशनच्या, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण आपोआप भडकण्याच्या, वेळी दिसतो. टर्बोचा बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब) वाढवल्यावर एखाद्या क्षणी मिश्रण अवेळी भडकले, तर तुलनेने ठिसूळ असलेल्या ४०३२ मध्ये दोन रिंगांमधला भाग तडकू शकतो; २६१८ मात्र लवचीक असल्यामुळे असा धक्का अधिक सोसतो. म्हणूनच रोज रस्त्यावर चालणाऱ्या, माफक बूस्टच्या गाडीसाठी मी ४०३२ निवडेन, आणि ट्रॅकवर जोरात पळणाऱ्या गाडीसाठी निःशंकपणे २६१८.

निवड कोणतीही असो, मायक्रोमीटर स्कर्टवर निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवरच लावावा आणि ब्लॉक व पिस्टन एकाच तापमानाला आल्यावरच मापे घ्यावीत.