ल्यूव्हेनची ईशज्ञान विद्याशाखा आणि तिचे ग्रंथालय : एका वाचकाचा अभिप्राय

ज्याला ग्रंथांची ओढ आहे आणि ख्रिस्ती विचारांचा इतिहास मुळापासून समजून घ्यायचा आहे, अशा मराठी वाचकाला युरोपात कॅथलिक ईशज्ञानाचे (म्हणजे थिऑलॉजीचे) एकच विद्यास्थान पाहता येणार असेल, तर मी बेल्जियममधील ल्यूव्हेनचे नाव सुचवीन. रोमचे नाव आधी ओठांवर येते हे खरे. परंतु रोममध्ये महामंदिरे, चित्रे आणि भग्नावशेष यांच्या वैभवातच पाहुण्याचे लक्ष गुंतून पडते. ल्यूव्हेनमध्ये शहराचा इतिहास आणि विद्यापीठाचा इतिहास एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि त्या इतिहासात ईशज्ञान विद्याशाखेचा वाटा फार मोठा आहे.

ब्रसेल्सहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत ल्यूव्हेन येते. स्थानकापासून सरळ रस्त्याने चालत गेले की पंधराव्या शतकातील नगरभवन आणि त्याच्या समोर संत पीटरचे चर्च लागते. तेथून नामसेस्त्रात या रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर येशूसंघाने (जेझुइट धर्मसंघाने) सतराव्या शतकात बांधलेल्या संत मायकेल चर्चचा भव्य दर्शनी भाग दिसतो. त्याच्याच मागे, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या महाविद्यालयाच्या वास्तूत, ईशज्ञान आणि धर्माभ्यास विद्याशाखा आहे. शेजारच्या चौकात ‘पोपचे महाविद्यालय’ उभे आहे. याच विद्याशाखेत शिकवणारे उट्रेक्टचे एड्रियन हे पुढे सम्राट पाचव्या चार्ल्सचे शिक्षक झाले आणि 1522 मध्ये पोप सहावे एड्रियन म्हणून गादीवर आले. त्यांच्या इच्छेनुसार ईशज्ञानाच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी हे महाविद्यालय स्थापन झाले. आजची इमारत अठराव्या शतकातील असून तेथे अजूनही विद्यार्थीच राहतात, ही गोष्ट मला फार समाधान देऊन गेली.

येथे येणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. ही विद्याशाखा म्हणजे संग्रहालय नाही. प्रवेशतिकीट, फलक, मार्गदर्शक अशी व्यवस्था येथे अपेक्षू नये; आत वर्ग चालू असतात, आणि पाहुण्याने तेथील शांतता सांभाळून अंगण, मार्गिका आणि बाहेरची वास्तू पाहावी. ज्याला डोळे दिपवणारे काही हवे आहे, त्याला हे ठिकाण साधे वाटेल. ज्याला आपण कोठे उभे आहोत याची पूर्वकल्पना आहे, त्याला मात्र येथे पावलोपावली थांबावेसे वाटते, म्हणूनच मी थोडा इतिहास सांगतो.

विद्यापीठाची स्थापना पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने 1425 मध्ये झाली, आणि ईशज्ञान शिकवण्याची परवानगी 1432 मध्ये मिळाली. पुढच्या शतकात या विद्याशाखेचा शब्द साऱ्या युरोपात वजनदार ठरला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या मतांचा तिने 1519 मध्येच, म्हणजे पोपचे बहिष्काराची धमकी देणारे पत्र निघण्यापूर्वी, निषेध केला. 1546 पासून तिने निषिद्ध ग्रंथांच्या याद्या तयार केल्या. ज्या शहरात मानवतावादी विद्वान इरॅस्मस यांच्या प्रयत्नांनी 1517 मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारे त्रिभाषा महाविद्यालय उभे राहिले, त्याच शहरात कोणते पुस्तक वाचू नये हे ठरवणारे पंडितही बसत होते. मला हा इतिहास अवघड वाटतो. तो लपवावा असे मात्र वाटत नाही, कारण त्याच्याशिवाय या विद्याशाखेच्या आजच्या ग्रंथालयाचे मोल कळत नाही.

त्या जुन्या पंडितांचे दुसरे, अधिक सुंदर रूप पाहायचे असेल तर संत पीटरच्या चर्चमध्ये जावे. तेथे डीरिक बाउट्स या चित्रकाराचे ‘अखेरचे भोजन’ हे वेदीचित्र आहे. 1464 मध्ये एका धर्मबंधुसंघाने त्याच्याशी जो करार केला, त्यात ईशज्ञानाच्या दोन प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाप्रमाणेच चित्र काढावे आणि ते पुरे होईपर्यंत दुसरे काम घेऊ नये, अशा अटी होत्या. मधल्या फलकावर येशू भाकर आशीर्वादित करीत आहे, आणि दोन्ही बाजूंच्या चार फलकांवर जुन्या करारातील प्रसंग आहेत : अब्राहामाला भाकर व द्राक्षारस देणारा याजक मल्कीसदेक, वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन, रानात इस्राएली लोकांना आकाशातून मिळालेले मान्ना हे अन्न आणि देवदूताने अन्न आणून दिलेला संदेष्टा एलिया. मिस्साबलीतील, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील, भाकरीचा अर्थ जुन्या करारातून कसा उलगडत जातो, हे वर्गात तासभर ऐकून जितके समजेल तितके या पाच फलकांसमोर उभे राहून समजते. ईशज्ञानाचा वर्ग पाहण्याची संधी पाहुण्याला मिळत नाही. हे चित्र म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तसा वर्गच आहे, आणि माझ्या मते शहरातील कोणत्याही वास्तूआधी ते पाहावे.

आता ग्रंथालयाविषयी. विद्याशाखेचे मॉरिट्स साबे ग्रंथालय हे ईशज्ञानाच्या क्षेत्रातील जगातील मोठ्या ग्रंथालयांपैकी एक असून तेथे दहा लाखांहून अधिक खंड आहेत. इमारत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे आणि बाहेरून तिच्यात थांबून पाहावे असे काही नाही. पण ती तेथे का उभी आहे हे समजले की तिचा साधेपणा खटकेनासा होतो. 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने ल्यूव्हेन जाळले तेव्हा विद्यापीठाचे ग्रंथालय भस्मसात झाले आणि सुमारे तीन लाख पुस्तकांसह मध्ययुगीन हस्तलिखिते नष्ट झाली. अमेरिकन देणग्यांतून नवे ग्रंथालय उभे राहिले. 1940 च्या मे महिन्यात तेही जळाले आणि या वेळी सुमारे नऊ लाख पुस्तके गेली. त्यानंतर आगीशिवाय आणखी एक आघात झाला. फ्लेमिश (म्हणजे डच) आणि फ्रेंच भाषिकांतील संघर्षातून 1968 मध्ये विद्यापीठ दुभंगले, फ्रेंच विभाग लूव्हां-ला-नव या नव्या नगरात गेला, आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची वाटणी करताना विषम क्रमांकाची पुस्तके एकीकडे आणि सम क्रमांकाची दुसरीकडे अशी विभागली गेली. भाषिक अस्मितेच्या चळवळी जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला यातील वेदना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आजचा ईशज्ञानाचा संग्रह या विभागणीनंतर पुन्हा जिद्दीने उभा केलेला आहे. न्यू टेस्टामेंटचे अभ्यासक असलेले प्राध्यापक मॉरिट्स साबे यांनी त्यासाठी केलेले काम लक्षात घेऊनच ग्रंथालयाला त्यांचे नाव दिलेले आहे. धर्मसंघांच्या आणि गुरुविद्यालयांच्या जुन्या ग्रंथसंपदा येथे आल्या. त्यांतील येशूसंघाच्या ग्रंथांचा संग्रह विशेष मोलाचा आहे, आणि भारतातील मिशनकार्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही त्याच्याकडे वळावेच लागेल. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठेवा मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (1962–65) ल्यूव्हेनच्या ईशज्ञान्यांचा मोठा सहभाग होता. ख्रिस्तसभेविषयीच्या मूलभूत दस्तऐवजाचा मसुदा घडवण्यात प्रा. जेरार्ड फिलिप्स यांचा हात प्रमुख होता, आणि त्यांची परिषदकाळातील कागदपत्रे याच विद्याशाखेत जतन केलेली आहेत. आपल्या वसईत किंवा गोव्यात आज मिस्सा मराठीतून वा कोकणीतून ऐकता येते, ती ज्या परिषदेमुळे, तिच्या कामकाजाचे कागद येथे अभ्यासकाला हाताळता येतात.

सेवेविषयी माझे मत अत्यंत अनुकूल आहे. बाहेरच्या वाचकालाही वाचनकक्षात बसून पुस्तके पाहता येतात. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, हा प्रश्न येत नाही. जुने मुद्रित ग्रंथ आणि अभिलेख पाहायचे असतील तर आधी लिहून कळवावे, विषय नेमका सांगावा आणि सूची संगणकावर घरूनच तपासून यावे. जो अशी तयारी न करता केवळ फेरफटका मारण्यासाठी येईल, त्याला कपाटांच्या रांगांपलीकडे फारसे काही दिसणार नाही. एके काळी निषिद्ध ग्रंथांच्या याद्या करणाऱ्या विद्याशाखेच्या मांडण्यांवर आज ल्यूथर, कॅल्व्हिन, यहुदी भाष्यकार आणि इतर धर्मांचे अभ्यासक सर्वांसाठी उपलब्ध आहेत, याचे महत्त्व मला कोणत्याही शिल्पाहून अधिक वाटते.

भारताशी असलेला धागा शोधणाऱ्यांसाठी थोडे. छोटा नागपूरच्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी झटलेले बेल्जियन मिशनरी फादर कॉन्स्टंट लिव्हन्स आजारपणामुळे मायदेशी परतले आणि 1893 मध्ये ल्यूव्हेनमध्येच वारले. रामकथेच्या उगम-विकासावर हिंदीतून प्रबंध लिहिणारे फादर कामिल बुल्के येथेच अभियांत्रिकी शिकले होते. आणि संत अँथनीच्या चॅपेलमध्ये फादर डेमियन यांची समाधी आहे. हवाईतील मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांमध्ये राहून त्याच रोगाने 1889 मध्ये ते गेले, आणि 1936 मध्ये त्यांचे अवशेष येथे आणले गेले. ल्यूव्हेनमधील शिक्षण पुरे होण्याआधीच, आजारी भावाच्या जागी, ते हवाईला निघाले होते. त्यांचे नाव असलेला डेमियन-डटन पुरस्कार 1983 मध्ये बाबा आमटे यांना मिळाला होता, हे आनंदवन जाणणाऱ्या वाचकाने तेथे जाताना जरूर आठवावे. चॅपेल विद्याशाखेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तेथे गर्दी नसते.

शिकण्यासाठी येऊ इच्छिणाऱ्यांना सांगण्यासारखे हे की पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे अभ्यासक्रम इंग्रजीतून उपलब्ध आहेत, धर्मगुरूंबरोबर प्रापंचिक स्त्री-पुरुषही शिकतात, आणि ख्रिस्ती ईशज्ञानाबरोबर जागतिक धर्मांचाही अभ्यास होतो. दैनंदिन व्यवहाराची भाषा डच असली तरी इंग्रजीवर निभावते. केवळ पाहण्यासाठी येणाऱ्याने विद्यापीठाच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहून, शनिवार-रविवार टाळून यावे. सकाळी बाउट्सचे चित्र, त्यानंतर विद्याशाखेचा परिसर आणि दुपारपासून वाचनकक्ष असा क्रम ठेवावा, आणि ब्रसेल्सच्या एका दिवसाच्या सहलीत हे सारे कोंबण्याऐवजी ल्यूव्हेनमध्ये रात्रीचा मुक्काम करावा.