आमच्या गल्लीतले आठ पोकळ कॅमेरे

हे लिहायला मला चार महिने लागले. गल्लीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे असतो. गल्लीत कॅमेरे बसवतो म्हणून एका माणसाने आम्हाला फसवलं. त्याला आगाऊ रक्कम देताना पहिली सही माझी होती, आणि ‘द्या, मी कागद बघितलेत’ असं मी म्हटलं म्हणून ज्यांनी पैसे काढून दिले त्यांत पेन्शनवर घर चालवणारी तीन वयस्कर माणसं आहेत. त्यांच्यातलं कुणीही मला आजवर वाकडं बोललेलं नाही. म्हणून तर जास्त लागतं. पण हाच माणूस, नाहीतर त्याच्यासारखा दुसरा, उद्या तुमच्याही दारात उभा राहील. म्हणून घडलं तसं सगळं सांगते.

सुरुवात एका बंद दिव्यापासून झाली. आमच्या वसाहतीच्या मागच्या फाटकासमोरचा रस्त्यावरचा दिवा दोन महिने बंद होता. आम्ही वॉर्ड ऑफिसला तक्रार दिली, एकदा स्मरणपत्रही दिलं. मग एका संध्याकाळी त्याच अंधारात शेजारच्या काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोघांनी गाडीवरून येऊन ओढलं. काकू पडल्या, मनगट मोडलं. त्या रात्रीपासून गल्लीतल्या बायका सातनंतर मागच्या फाटकाने येईनाशा झाल्या. पुरुषांनी आळीपाळीने गस्त सुरू केली. रोज रात्री दोघं, हातात बॅटरी, अकरा ते तीन. ही गस्त लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचं आहे.

आठ दिवसांत तो आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. ‘ताई, तुमच्या गल्लीचं नाव महापालिकेच्या सुरक्षा योजनेत आलंय. निम्मा खर्च पालिका देणार, निम्मा रहिवाशांनी द्यायचा. बारा कॅमेरे, एक महिन्याचं रेकॉर्डिंग. पण यादी या शुक्रवारी बंद होतेय.’ फाईलमध्ये पत्र होतं. वर बोधचिन्ह, खाली सही, गोल शिक्का. मागच्या फाटकाचा दिवा बंद आहे हे त्याला माहीत होतं, काकूंच्या मनगटाचंही माहीत होतं. आम्हाला वाटलं, ऑफिसातून आलाय म्हणूनच माहीत असणार. खरं तर ते कोपऱ्यावर पाच मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही कळलं असतं. त्या दिवसांत गल्लीत दुसरा विषयच नव्हता.

त्याने मोबाईलवर ‘लाईव्ह’ दाखवलं. ‘पलीकडच्या वसाहतीत आम्हीच बसवलेत, हे बघा आत्ताचं.’ चित्र लखलखीत होतं, माणसं जाताना दिसत होती. त्या वेळी संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि चित्रातल्या माणसांच्या सावल्या त्यांच्या पायाखाली होत्या, भर दुपारच्या. हे माझ्या डोळ्यांनी टिपलं. क्षणभर मनात आलंही, पण चारचौघांत विचारलं नाही. इतक्या चांगल्या कामात खुसपट काढल्यासारखं दिसेल, असं वाटलं. तो एक प्रश्न मी गिळला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

सत्तर टक्के आगाऊ, उरलेले काम झाल्यावर. तीन दिवसांत वर्गणी जमली. पैसे भरायला त्याने दिलेलं खातं फर्मच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारल्यावर म्हणाला, ‘चालू खात्याचं केवायसी अडकलंय, पावती फर्मचीच देतो.’ पावती दिलीही. इथेच पाणी मुरत होतं. पण शुक्रवार तोंडावर आला होता आणि आपल्यामुळे गल्लीचं नाव यादीतून जायला नको, ही धास्ती आमच्या डोक्यात त्याने पक्की बसवली होती.

काम मात्र झालं. फसवणूक म्हटली की लोकांना वाटतं माणूस पैसे घेऊन पळाला. हा पळाला नाही. दोन पोरं शिडी घेऊन आली, दोन दिवस खटाखट ड्रिल चालवलं, बाराच्या बारा कॅमेरे खांबांवर आणि भिंतींवर चढले. प्रत्येकावर लाल दिवा लुकलुकायला लागला. रखवालदाराच्या खोलीत पडदा लागला, त्यात चार चौकटी दिसत होत्या. ‘बाकीचे आठ पुढच्या पानांवर आहेत, आपोआप फिरतात,’ असं तो म्हणाला. रेकॉर्डर आणि माऊस त्याने लोखंडी पेटीत कुलूपबंद केले. किल्ली स्वतःकडे ठेवली. कुणी हात लावला तर वॉरंटी जाईल, म्हणाला. पडद्यासमोर बसून चौकट बदलते का हे आमच्यातल्या एकानेही पाहिलं नाही. उरलेले तीस टक्केही आम्ही दिले, वर दोघा पोरांना खुशाली दिली.

आणि दुसऱ्याच आठवड्यात गस्त बंद झाली. कुणी ठराव केला नाही, ती आपोआप ओसरली. ‘आता कॅमेरे आहेत ना!’ दिव्याच्या तक्रारीचा पाठपुरावाही सुटला. मला पैशांपेक्षा याची टोचणी जास्त आहे. त्या माणसाने आमचे पैसे नेले, आणि कॅमेऱ्यांच्या भरवशावर आम्ही आमचे जागते डोळे मिटून घेतले. पुढे ज्या पहाटे चोरी झाली, त्या वेळी मागच्या फाटकाशी दोघं जण उभे नसते, कारण गस्त तीनला संपायची. पण कॅमेरे आले नसते तर निदान कुणीतरी झोपताना फाटकाची कडी बघून आलं असतं.

त्या पहाटे मागच्या फाटकातून तीन दुचाकी गेल्या. एक गाडी एका डिलिव्हरी करणाऱ्या पोराची होती, हप्ते अजून फिटायचे होते. पोलीस आले, त्यांनी पहिल्यांदा फुटेज मागितलं. आम्ही छाती फुगवून त्यांना रखवालदाराच्या खोलीत नेलं. चार चौकटी. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. चारच. फोन केला तर बंद. शेवटी कुलूप तोडलं. आतला रेकॉर्डर चारच चॅनेलचा होता. मागे चारच वायरी जोडता येतील एवढीच जागा होती. पाचवा कॅमेरा जोडायचा म्हटला तरी जोडता आला नसता.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावून मागच्या फाटकावरचा कॅमेरा उतरवला. तो हातात घेतला तेव्हाच कळलं, रिकाम्या डब्यासारखा हलका. काचेमागे काळ्या प्लॅस्टिकची चकती, आत दोन पेन्सिल सेल आणि लाल दिव्याची चिमुकली पट्टी. पाठीमागची वायर भिंतीत गेलेली दिसत होती. इलेक्ट्रिशियनने ती ओढली, तर वीतभर वायर सुळकन हातात आली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली. प्लास्टरमध्ये भोक पाडून ती नुसती खोचली होती. असे आठ निघाले. प्रत्येक वायर वीतभर, प्रत्येक टोकाला टेप तितकीच नीट गुंडाळलेली. मला त्या टेपचा सगळ्यात जास्त राग आला. इतकी निगुती!

जे चार खरे होते तेही कामाचे निघाले नाहीत, आणि हा भाग नीट वाचा, कारण खरे कॅमेरे लावूनही असंच फसवता येतं. पुढच्या फाटकाचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे त्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके. त्याने तो लांब लावून साधारण तीस मीटर रुंदीचा सगळा रस्ता एका चौकटीत बसवला होता. बघायला छान, सगळं दिसतंय. पण १९२० ठिपके तीस मीटरवर वाटले की मीटरला ६४ ठिपके येतात. माणसाचा चेहरा साधारण सोळा सेंटीमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला फक्त दहा. टेहळणी कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी मीटरला २५० ठिपके धरलेले आहेत. म्हणजे याच कॅमेऱ्याने चेहरा ओळखायचा असेल तर चौकट पावणेआठ मीटरहून रुंद नको. आमच्या चित्रात त्या पहाटे पुढच्या रस्त्याने तिघं जाताना दिसतात. ते चोर आहेत की दूधवाले, सांगता येत नाही. चेहऱ्याच्या जागी एक पांढरट डाग आहे.

पोलिसांनी विचारलं, आधी टेहळणी करताना कुणी दिसलं होतं का? दहा दिवसांपूर्वी एक अनोळखी माणूस गाड्यांचे फोटो काढताना दोघांनी पाहिला होता. तो तर पुढच्या फाटकाने आला होता. पण जुनं रेकॉर्डिंग पुरतं सहा दिवसांचंही शिल्लक नव्हतं. नंतर मी एका जाणकाराजवळ बसून गणित शिकले. एका कॅमेऱ्याचा प्रवाह, म्हणजे तो रेकॉर्डरला पाठवतो तो डेटा, सेकंदाला दोन मेगाबिट धरला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांची ८६ जीबी. आमच्या पेटीतली हार्ड डिस्क ५०० जीबीची. त्याने कबूल केल्याप्रमाणे बारा कॅमेऱ्यांचं तीस दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं तर सात-आठ टीबीची, म्हणजे सात-आठ हजार जीबीची डिस्क हवी. हा गुणाकार आमच्या वसाहतीतला आठवीतला पोरगाही करू शकला असता. आम्ही कुणी मागितलाच नाही. शिवाय रेकॉर्डरचं घड्याळ पाऊण तास मागे होतं.

आणखी एक गोष्ट कळली, तिने माझी झोप उडवली. रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला होता आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून येतो तोच होता. चालू स्थितीतले चारही कॅमेरे आमच्या येण्याजाण्याच्या वाटांवर रोखलेले. कोण किती वाजता बाहेर पडतं, कुणाच्या घराला कुलूप आहे, हे आमच्याहून चांगलं त्याला बसल्या जागी दिसत होतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे कारखान्याच्या साठेक पासवर्डांची नुसती यादी होती, तेवढ्यावर ते साधलं. पासवर्ड आपला आपण टाकायचा, बसवणाऱ्याला बाजूला उभं करून, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पत्र घेऊन मी आणि तळमजल्यावरचे निवृत्त काका वॉर्ड ऑफिसला गेलो. कारकुनाने ते हातात घेतलं, शिक्क्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, ‘जावक क्रमांक कुठंय?’ पत्रावर ‘जा. क्र.’ छापलेलं होतं आणि पुढे कोरी जागा होती. ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राची जावक रजिस्टरला नोंद होते, तो क्रमांक आणि तारीख पत्रावर येते. कोरा असेल तर पत्र कुणाच्यातरी घरच्या प्रिंटरवर जन्मलेलं. काका सरकारी नोकरीत तीस वर्षं होते. रजिस्टर ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. अशी कुठलीही योजना नव्हती, यादी नव्हती, शुक्रवार नव्हता. एक फेरी आधी मारली असती तर पंधरा मिनिटांत उलगडा झाला असता.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पत्र, पावती, खात्याचा तपशील, आठ पोकळ कॅमेरे सगळं जमा केलं आणि पोच घेतली. पैसे परत आलेले नाहीत. गाड्यांपैकी एक सापडली, ती त्या पोराची नव्हे.

तुमच्याकडे कुणी असं काम घेऊन आलं तर पत्र त्याच्याकडेच राहू देऊ नका. फोटो काढा आणि ऑफिसात जाऊन जावक क्रमांक जुळवा. पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, तो त्याचाच असतो. पैसे व्यक्तीच्या खात्यात अजिबात नकोत. मोठा हिस्सा कामानंतर, आणि ‘काम झालं’ म्हणजे भिंतीवर चढलं असं धरायचं नाही. अंधार पडल्यावर ओळखीच्या माणसाला फाटकातून चालायला लावा, ते चित्र मोठं करा, चेहरा ओळखू आला तरच शेवटचा हप्ता. पेटीची किल्ली, पासवर्ड, कॅमेऱ्यांचे अनुक्रमांक लिहिलेलं बिल, सगळं वसाहतीच्या ताब्यात.

ज्यांच्या गल्लीत आधीच कॅमेरे आहेत त्यांनी आज रात्री एवढं करा. एकाने पडद्यासमोर बसायचं, दुसऱ्याने छत्री घेऊन एकेका कॅमेऱ्यापुढे ती उघडायची. ज्या कॅमेऱ्यापुढे छत्री उघडूनही कुठलीच चौकट काळी होत नाही, तो पोकळ समजा. उंचावरचा असेल तर दिवे मालवून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघा. रात्री चित्रण करणाऱ्या खऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे बहुतेक वेळा जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. काहींचे दिसत नाहीत, म्हणून छत्रीचीच परीक्षा खरी धरा. लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर जाऊ नका, तो दोन सेलवर चालतो.

आमची गस्त परत सुरू झाली आहे. आता अकरा ते तीनच्या पाळीत बायकाही असतात, माझा वार बुधवार. मागच्या फाटकाचा दिवा मागच्या आठवड्यात लागला, पाच अर्जांनंतर, प्रत्येक अर्जाची आवक नोंद घेऊन. काकूंचं प्लास्टर निघालंय, पण त्या अजून पुढच्याच फाटकाने येतात.