छोटा मेकॅनिकल कीबोर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मेकॅनिकल कीबोर्डविषयीची बहुतेक चर्चा स्विचच्या, म्हणजे प्रत्येक बटणाखालच्या कळीच्या, रंगापासून सुरू होते: लाल घ्यावा, तपकिरी घ्यावा की निळा. कमी खर्चातला एक छोटा कीबोर्ड काही महिने रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. ज्या कीबोर्डचे स्विच उपटून बदलता येतात, त्यात न आवडलेला रंग ही तात्पुरती अडचण असते. बटणांची मांडणी, एफएन बटणाची (जे धरून दुसऱ्या बटणाचे जादा काम करून घेतात) जागा, आतले फर्मवेअर (कीबोर्डमध्येच चालणारा प्रोग्रॅम) आणि स्विच बसवण्याची सॉकेट मात्र विकत घेताना जशी मिळतात तशीच शेवटपर्यंत राहतात, आणि हाताशी पैसे मोजकेच असतील तर ते याच गोष्टींवर खर्च व्हायला हवेत. माझा कीबोर्ड ६८ बटणांचा, प्लॅस्टिकच्या आवरणाचा आणि हॉटस्वॅप सॉकेटचा, म्हणजे स्विच उपटून बदलता येणारा, आहे. दिवसा मराठी व इंग्रजी मजकूर टाइप करणे आणि रात्री गेम खेळणे ही दोन्ही कामे त्याच्यावरच होतात.

मांडणीपासून सुरुवात करतो, कारण निर्णयाचा खरा कस तिथेच लागतो. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणे असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग काढला की ८७ उरतात आणि या प्रकाराला टीकेएल म्हणतात. त्याहून लहान ७५ टक्के, ६५ टक्के आणि ६० टक्के अशा मांडण्या असून त्यांत साधारण ८४, ६८ आणि ६१ बटणे बसतात. शेजारच्या दोन अक्षरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर सर्वसाधारणपणे १९.०५ मिलिमीटर असते, त्यामुळे रुंदीचा हिशेब सहज करता येतो. पूर्ण आकारावरून टीकेएलवर आल्यास माऊससाठी सुमारे ८१ मिलिमीटर जागा मोकळी होते, टीकेएलवरून ६५ टक्क्यांवर आल्यास आणखी सुमारे ४३ मिलिमीटर मिळतात, आणि ६५ वरून ६० वर उतरल्यास जेमतेम १९ मिलिमीटर, म्हणजे एका बटणाची रुंदी. या शेवटच्या १९ मिलिमीटरसाठी चारही बाण आणि डिलीट गमवावे लागतात. माऊसची संवेदनशीलता अगदी कमी ठेवून हात दूरवर फिरवणाऱ्या खेळाडूलाही हा सौदा परवडतो असे मला वाटत नाही. ज्याला मजकूर दुरुस्त करायचा असतो त्याने तर त्याचा विचारही करू नये.

मराठी टाइप करणाऱ्यासाठी यात आणखी एक बाजू आहे, आणि बहुतेक परीक्षणांत ती येत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या मांडणीत ‘य’ हे अक्षर ‘/’ या बटणावर, ‘ॉ’ हे चिन्ह ‘\’ या बटणावर, तर ‘ट’ आणि ‘ठ’ अवतरणचिन्हाच्या बटणावर येतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही विरामचिन्हे अधूनमधून लागतात, आपल्याला त्यांतली काही प्रत्येक वाक्यात लागतात. ६१ बटणांच्या काही कीबोर्डवर ‘/’ हेच बटण एफएनसोबत दाबले की वरचा बाण होते. तो बाण कायमचा चालू ठेवण्याची सोय वापरली, तर ‘य’ लिहायलाच एफएन धरावे लागते. दुसरा मुद्दा उजव्या शिफ्टचा. पूर्ण कीबोर्डवर हे बटण पावणेतीन एकक (एक एकक म्हणजे एका अक्षराच्या बटणाची रुंदी) रुंद असते, ६५ टक्क्यांत बाणाला जागा करून देताना ते पावणेदोन एककांवर येते. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, उ, ए हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणून न पाहता टाइप करणाऱ्याची उजवी करंगळी शिफ्टकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक वेळा जाते. सुरुवातीला माझी करंगळी शिफ्टऐवजी वरच्या बाणावर पडून कर्सर मागच्या ओळीत जाऊन बसत असे. ही सवय मोडायला काही आठवडे लागले, पण ती मोडली. उलट, आकड्यांच्या ओळीच्या डाव्या टोकाचे ‘`’ हे बटण छोट्या कीबोर्डवर एस्केपमध्ये विलीन झालेले असते. इंग्रजीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचा त्रास होतो, मराठी लिहिताना मात्र त्याची आठवणही येत नाही.

बटणांवर देवनागरी अक्षरे छापलेली असावीत का, असे काही जण विचारतात. कीबोर्ड संगणकाकडे अक्षर पाठवत नाही, दाबलेल्या बटणाच्या जागेचा संकेत पाठवतो आणि त्याचे अक्षर काय करायचे ते संगणकाची प्रणाली ठरवते. त्यामुळे कोणताही कीबोर्ड मराठीसाठी चालतो. चिकटवायच्या अक्षरपट्ट्या शिकण्याच्या काळात उपयोगी पडतात, मात्र त्यांच्या कडा लवकर सुटतात आणि बोटांना जाणवत राहतात.

फर्मवेअरचे महत्त्व याच कारणाने वाढते. बटणांची अदलाबदल कीबोर्डच्या स्मृतीतच साठवता येत असेल, तर ती मराठीत, इंग्रजीत आणि कोणत्याही संगणकावर सारखीच लागू राहते. क्यूएमके हे खुले फर्मवेअर आणि त्यावर चालणारे, बटणे बदलण्याचे व्हिया हे सॉफ्टवेअर ज्याला लागू पडते, असा कीबोर्ड थोडा महाग असला तरी मी तोच सुचवीन. माझ्या कीबोर्डवर कॅप्सलॉक धरून ठेवले की दुसरा थर, म्हणजे त्याच बटणांची दुसरी कामे, उघडतो. त्यात उजव्या हाताखाली होम, एंड, पेज अप, पेज डाउन आहेत आणि आकड्यांच्या ओळीवर एफ १ ते एफ १२. स्प्रेडशीटमध्ये सतत एफ २ आणि एफ ४ दाबणाऱ्याला हे पुरणार नाही. त्याने ७५ टक्क्यांची मांडणी घ्यावी, तिच्यात एफ बटणांची स्वतंत्र ओळ असते आणि रुंदी जवळजवळ ६५ टक्क्यांइतकीच राहते. स्वस्त कीबोर्डांत एक खोच अशी आढळते की इतर सर्व बटणे बदलता येतात, पण एफएनची जागा पक्की असते, आणि ती नेमकी उजव्या कोपऱ्यात असते. बटणे बदलण्याचे सॉफ्टवेअर एकाच प्रणालीवर चालते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

आता स्विच. चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचच्या नमुन्यावर, पेटंट संपल्यानंतर, गेटरॉन, काइल, आउटेमू अशा अनेक कंपन्या स्विच बनवू लागल्या आणि त्यामुळेच हा सगळा प्रकार सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आला. चेरीच्या लाल स्विचला सुमारे ४५ सेंटिन्यूटन बळ लागते आणि एकूण ४ मिलिमीटर खोलीपैकी २ मिलिमीटरवर दाब नोंदला जातो. तपकिरीत वाटेत हलका अडथळा जाणवतो, निळ्यात अडथळ्यासोबत टक् असा आवाज होतो. निळ्यात नोंद होण्याचा आणि नोंद सुटण्याचा बिंदू वेगवेगळ्या खोलीवर असतात. बटण बरेच वर आल्याखेरीज दुसरी नोंद होत नाही, म्हणून एकच बटण भराभर दाबण्याच्या खेळांत तो मागे पडतो. घरात दुसरे कोणी झोपलेले असेल तर त्याच्या आवाजाबद्दल वेगळे सांगायला नको.

माझ्याकडे लाल स्विच बसवलेलेच आले होते. खेळताना ते उत्तम वाटले. लांब मजकूर लिहिताना मात्र बटणावर नुसते बोट टेकवले तरी अक्षर उमटत होते, आणि मराठीत अनाहूत मात्रा किंवा हलन्त लागला की शब्दच बिघडतो. दुसऱ्या महिन्यात मी अक्षरांच्या बटणांखाली थोड्या जड स्प्रिंगचे लिनियर (लालसारखे, वाटेत अडथळा नसलेले) स्विच घातले, आणि खेळात हालचालीसाठी लागणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी या चारांखाली लालच राहू दिले. दोन प्रकार शेजारीशेजारी असल्याचे टाइप करताना जाणवते, पण खटकत नाही. तपकिरीचा अडथळा मला इतका पुसट वाटला की त्यापेक्षा जड लिनियर बरा. ज्यांना खरोखर स्पष्ट अडथळा हवा आहे त्यांनी तपकिरीवर थांबू नये, अधिक ठळक टॅक्टाइल (अडथळा जाणवणारे) स्विच सुटे मिळतात.

सुटे स्विच घेण्यापूर्वी सॉकेट कोणते आहे ते पाहणे अत्यावश्यक आहे. काही स्वस्त कीबोर्डांतली सॉकेट बारीक पायांच्या स्विचसाठीच असतात आणि त्यांत इतर कंपन्यांचे स्विच शिरत नाहीत. जाहिरातीत मात्र केवळ हॉटस्वॅप एवढेच लिहिलेले असते. तीन पायांच्या सॉकेटात पाच पायांचा स्विच बसवायचा असल्यास प्लॅस्टिकचे दोन जादा पाय कापता येतात. धातूचे पाय सरळ आहेत याची खात्री करून, स्विच उभा धरून दाबावा. शक्य असेल तेव्हा खालून सॉकेटला बोटाचा आधार द्यावा, कारण जोर लावल्यास सॉकेट सर्किट बोर्डावरून निघून येऊ शकते. या सोयीचा खरा फायदा मला चौथ्या महिन्यात झाला. एका बटणातून एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटू लागले होते, तिथे जवळचा जादा स्विच बसवताच तक्रार संपली. स्विच सोल्डर केलेल्या कीबोर्डला याच दुरुस्तीसाठी तापलेले सोल्डरिंग आयर्न लागले असते.

खेळासाठी जाहिरातीत जे आकडे मिरवले जातात त्यांतले थोडेच कामाचे आहेत. कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा संगणकाला माहिती देत असेल तर दोन खेपांमध्ये ८ मिलिसेकंद जातात, १००० वेळा देत असेल तर १ मिलिसेकंद. केबलने जोडल्यावर १००० हर्ट्झ मिळत असेल तर त्यापुढच्या आकड्यांचा मोह सामान्य खेळाडूने सोडावा. प्रत्येक स्विचला स्वतंत्र डायोड (एकत्र दाबलेल्या बटणांची सरमिसळ रोखणारा भाग) आहे का आणि कितीही बटणे एकत्र दाबल्यास सर्व नोंदली जातात का, हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण धावणे, वाकणे, उडी आणि बोलण्याचे बटण एकाच वेळी दाबण्याचे प्रसंग सतत येतात. अगदी चुरशीचे नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने चुंबकीय स्विचच्या कीबोर्डचा विचार करावा, त्यात बटण थोडेसे वर येताच नोंद सुटते. मात्र विरुद्ध दिशेची दोन बटणे कीबोर्डनेच परस्पर हाताळण्याच्या सोयीला व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ या खेळाच्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर मनाई केली, हेही ध्यानात असू द्यावे.

स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटणे डगमगू नयेत म्हणून त्यांच्याखाली असलेला तारेचा आधार, हा स्वस्त कीबोर्डचा सर्वांत कच्चा दुवा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखालच्या तारा पहिल्या दिवसापासून खडखडत होत्या. तारांच्या टोकांना घट्ट डायइलेक्ट्रिक ग्रीस लावल्यावर तो आवाज जवळपास थांबला. हे काम एका दुपारचे आहे, पण वाचायला वाटते तितके अवघड नाही. आवरणाच्या पोकळीत फोमचा तुकडा घातल्याने घुमणारा आवाजही कमी झाला. कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी या प्लॅस्टिकच्या असल्यामुळे अजून खरबरीत आहेत. जुन्या कीबोर्डवरच्या एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या कीकॅप याहून कमी वापरात तेलकट चकाकू लागल्या होत्या. वेगळा संच घेताना उजव्या शिफ्टचे पावणेदोन एककांचे बटण त्यात आहे ना हे पाहावे, बऱ्याच स्वस्त संचांत ते नसते.

बिनतारी जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ब्लूटूथ लिहिण्यापुरते ठीक आहे, झोपलेला कीबोर्ड जागा होताना पहिले एखादे अक्षर गिळले जाते. खेळताना मी केबलच वापरतो. दिवे चालू ठेवल्यास बॅटरी फार लवकर उतरते, म्हणून ते बंदच असतात. केबल सुटी असली तरी टाइप-सीची खाच इतकी अरुंद आहे की जाड टोकाची दुसरी केबल आत जात नाही. त्यामुळे सोबत आलेली केबल मी जपून वापरतो, आणि पुढचा कीबोर्ड घेताना ही खाच मोजूनच घेईन.