पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी मोजलेले ४६,६०० रुपये

जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या आठ महिन्यांत पुस्तकाच्या प्रसिद्धीच्या नावाखाली माझ्याकडून ४६,६०० रुपये घेतले गेले. ते सगळे मी स्वतःच्या हाताने, समजून-उमजून दिले, असेच मला त्या वेळी वाटत होते. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या तीन नवलेखकांना अगदी त्याच शब्दांत फोन आले आणि त्यांपैकी एकाने पहिला हप्ता भरलाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले. माझी तक्रार चालू असल्याने त्या संस्थेचे नाव येथे देत नाही. शिवाय त्याच मंडळींनी मधल्या काळात दोनदा नाव बदलले आहे, त्यामुळे नावापेक्षा त्यांची काम करण्याची पद्धत माहीत असणे अधिक उपयोगाचे आहे.

मी नाशिकच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर मनमाडच्या रेल्वे वसाहतीत गेलेल्या बालपणावर ललित लेख लिहिले. पाणी टंचाईच्या त्या गावात नळ येण्याच्या दिवसाभोवती सगळे घर कसे फिरत असे, हा त्या लेखांचा गाभा. दोन प्रकाशकांनी नम्रपणे नकार दिल्यावर स्वखर्चाने ५०० प्रती छापून घेतल्या. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी मिळून ५८,००० रुपये लागले, म्हणजे प्रतीमागे ११६ रुपये. किंमत २५० ठेवली. छोटेखानी प्रकाशन समारंभात सत्तर प्रती गेल्या, काही नातेवाइकांनी घेतल्या, मुलाने पुस्तक ऑनलाइन विक्रीला लावून दिले आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली गेले. ज्याने आपले पुस्तक आपणच छापले आहे, त्याला रोज केर काढताना ते गठ्ठे दिसले की काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. फोन नेमका त्याच दिवसांत आला.

बोलणारा तरुण अतिशय अदबीने बोलत होता. "मॅडम, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावातल्या लेखिकेचं पुस्तक गावाबाहेर पोचायलाच हवं," असे तो म्हणाला आणि माझ्या पुस्तकातील एक वाक्य त्याने जसेच्या तसे म्हणून दाखवले. अनोळखी वाचकाने आपले वाक्य पाठ म्हणावे, यापेक्षा मोठा आनंद लिहिणाऱ्याला नसतो. ते वाक्य मलपृष्ठावर होते आणि मलपृष्ठाचे छायाचित्र ऑनलाइन सर्वांना दिसत होते, हे माझ्या लक्षात यायला कित्येक महिने जावे लागले. दुसऱ्या फोनपासून मी "ताई" झाले आणि चौथ्या फोनपासून "आई".

पहिली मागणी लहान होती. माझ्या पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नव्हता आणि त्याशिवाय पुस्तकाची "राष्ट्रीय पातळीवर नोंद" होत नाही, असे सांगून ४,००० रुपये घेण्यात आले. क्रमांक आला, त्याचे चिकटपट्टीचे कागद छापून आले, आणि मी व माझ्या नातीने दोन दुपारी बसून घरातल्या प्रत्येक प्रतीच्या मागे ते चिकटवले. पुढे कळले ते असे की, आपल्या देशात आयएसबीएन केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक प्रकाशित करणारा लेखकही त्यासाठी ऑनलाइन अर्ज करू शकतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, हा क्रमांक प्रकाशकाच्या नावाने नोंदलेला असतो. मला मिळालेला क्रमांक त्या संस्थेच्या नावावर होता, म्हणजे माझ्या पैशाने छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशक म्हणून नोंदीत तेच लागले. राहिली राष्ट्रीय नोंद. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायचीच असते. जे कर्तव्य आहे तेच मला सन्मान म्हणून विकले गेले.

ऑगस्टमध्ये मोठी मागणी आली, १८,००० रुपयांची. त्यात पुस्तक "बेस्टसेलर" करून देण्याचे आणि पंचवीस वाचकांचे अभिप्राय मिळवून देण्याचे आश्वासन होते. पैसे कंपनीच्या खात्यात न भरता एका व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर पाठवायला सांगितले आणि पावती मागितली तेव्हा वस्तू व सेवा कराचा क्रमांक नसलेला एक रंगीत कागद व्हॉट्सॲपवर आला. खरे तर तेथेच थांबायला हवे होते. पण त्यानंतर आठवडाभरातच दोन दिवसांत पुस्तकाच्या चौदा प्रतींसाठी मागण्या आल्या आणि आमच्या घरात सणाचे वातावरण झाले. मी प्रत्येक पुस्तक खाकी कागदात गुंडाळून त्यावर आडवीउभी सोनेरी चिकटपट्टी लावत होते. कुरिअरचा मुलगा पार्सले मोजताना म्हणाला, "मावशी, यातली नऊ तर एकाच घरी चालली आहेत." मी पाहिले. नावे नऊ होती, पण पुण्यातील इमारत एकच आणि सदनिका क्रमांकही एकच. मी फोन करून विचारले, तेव्हा ते आमचे वाचक मंडळ आहे, असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. त्याच संध्याकाळी एका अगदी छोट्या विभागात माझे पुस्तक पहिल्या क्रमांकावर असल्याचे चित्र मला पाठवण्यात आले. अशा विक्रीस्थळांवरील क्रम सतत बदलत राहतो आणि ज्या विभागात दिवसाला दोन-तीन पुस्तके विकली जातात तेथे दहा-बारा मागण्यांनी काही वेळापुरते कोणालाही पहिले येता येते, हे मला माहीत नव्हते. तीन आठवड्यांनी त्या नऊपैकी सहा पार्सले परत आली. माझी सोनेरी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कोणी ती उघडलीही नव्हती, आणि परतीचा खर्च माझ्याच हिशेबातून कापला गेला.

अभिप्रायांचे सांगताना मला अजूनही त्रास होतो. बावीस अभिप्राय आले, सर्व पाच ताऱ्यांचे. एकात "नायिकेचा संघर्ष मनाला भिडतो" असे होते, दुसऱ्यात "शेवट थरारक". माझ्या पुस्तकात ना नायिका आहे ना थरार. हंडे आहेत, रेल्वेचे भोंगे आहेत, आणि आई आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय अॅमेझॉनसारख्या विक्रीस्थळांच्या नियमांत बसत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानकही जाहीर केले आहे आणि विकत घेतलेला अभिप्राय त्यातही मान्य नाही. काही दिवसांनी ते बहुतेक अभिप्राय काढून टाकले गेले. त्यांच्याबरोबर भुसावळच्या माझ्या एका वर्गमैत्रिणीचा खराखुरा अभिप्रायही गेला. तिने पुस्तक दोनदा वाचून, पाण्याच्या टँकरमागे धावताना तिची चप्पल कशी तुटली होती ते आठवून लिहिले होते. पैसे गेल्यापेक्षा ते गेल्याचे दुःख मला जास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये मुलाखतीची ध्वनिचित्रफीत आणि "वृत्तपत्रांतील प्रसिद्धी" यांसाठी १२,००० रुपये गेले. मुलाखत मोबाइलवर वीस मिनिटे झाली आणि ती मुख्यतः माझ्याच नातेवाइकांनी पाहिली. बातमी पैसे घेऊन मजकूर लावणाऱ्या एका संकेतस्थळावर आली. पुस्तकाची एक प्रत पत्रासह पाठवली तर अनेक मासिके आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या "साभार पोच" या सदरात त्याचे नाव एक पैसाही न घेता छापतात, हे मी स्वतः वर्षानुवर्षे वाचत आले होते, तरी मला आठवले नाही.

डिसेंबरमध्ये पुरस्कार आला. नोंदणी शुल्क ५,१०० रुपये, प्रवास आपला. मी आणि हे पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. उपनगरातल्या एका सभागृहात लेखक, योगशिक्षक, इमारतींचे ठेकेदार आणि ज्योतिषी अशा बासष्ट जणांना एकामागून एक बोलावले जात होते. व्यासपीठावर एकाला पुरते अर्धे मिनिटही मिळत नव्हते. माझ्या स्मृतिचिन्हावर आडनावातली वेलांटी चुकली होती आणि पुस्तकाचे नाव कोठेच नव्हते. जन्मभर मुलांच्या वह्यांतील वेलांट्या तपासलेल्या बाईने ते चिन्ह हातात घेऊन छायाचित्रासाठी उभे राहावे, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. परतीच्या गाडीत हे काहीच बोलले नाहीत. फक्त ती जड पिशवी त्यांनी माझ्या हातातून स्वतःकडे घेतली.

एवढे होऊनही मी शेवटचे ७,५०० रुपये दिले, कारण या वेळी नाव अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे होते. अठ्ठ्याण्णवावे संमेलन २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या दिवसांत दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेथे आमच्या दालनात तुमचे पुस्तक ठेवू, असे मला सांगण्यात आले आणि चाळीस प्रती मागवून घेण्यात आल्या. माझी भाची दिल्लीत असते. ती सगळी दालने फिरली. त्या संस्थेचे दालन तेथे नव्हते. संमेलनाच्या आयोजकांचा या व्यवहाराशी काहीही संबंध नव्हता, त्यांचे नाव परस्पर वापरले गेले होते. त्या चाळीस प्रती आजतागायत परत आलेल्या नाहीत.

डोळे उघडले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याचे नाशिकमध्ये पुस्तकांचे दुकान आहे. मी सगळे सांगितल्यावर त्याने बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. "बाई, आम्ही दुकानदार चाळीस टक्के सवलत घेतो. अडीचशेच्या पुस्तकाचे तुमच्या हाती दीडशे येतात. छपाईचे एकशे सोळा वजा केले की उरले चौतीस. शेहेचाळीस हजार सहाशे भरून निघायला एक हजार तीनशे एकाहत्तर प्रती विकल्या गेल्या पाहिजेत, आणि तुम्ही छापल्यात पाचशे." मी म्हटले, स्वतः विकली तर? २०० रुपयांना हातोहात विकली तर प्रतीमागे ८४ रुपये उरतात, तरीही ५५५ प्रती लागतात. म्हणजे त्या लोकांनी दिलेला प्रत्येक शब्द पाळला असता, माझी आवृत्ती शेवटच्या प्रतीपर्यंत संपली असती, तरी मी तोट्यातच राहिले असते. हा हिशेब करायला पाच मिनिटे लागली. तो मी पहिल्या फोननंतर केला नाही आणि हीच माझी खरी चूक होती.

म्हणून लेखकाने प्रसिद्धीसाठी कधीच पैसे खर्च करू नयेत, असे मी म्हणत नाही. चांगले प्रकाशकही जाहिरात देतात, प्रकाशनपूर्व सवलत देतात, परीक्षणासाठी प्रती पाठवतात आणि त्याला खर्च येतोच. फलक करून देणाऱ्या चित्रकाराला, टपालाला, विक्री झाल्यावर विक्रेत्याला पैसे द्यावेत. तेथे आपण काय घेतले ते हातात दिसते. परंतु वाचकाचे मत, विक्रीचा क्रमांक आणि पुरस्कार या गोष्टींसाठी कोणी पैसे मागितले, तर माझ्या मते त्याच क्षणी फोन ठेवावा. ग्रंथालयांत पुस्तके लावून देतो, असेही हे लोक सांगतात. मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन चौकशी केली. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या गावच्या या संस्थेत मला कोणीही मध्यस्थ लागला नाही. पुस्तक दाखवायला ठेवा, निवड करणारी मंडळी पाहतील, एवढेच सांगण्यात आले.

मार्चमध्ये मी मनमाडला रेल्वेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्यात एसटीने दोन पिशव्या भरून पुस्तके घेऊन गेले. पाण्यावरचा एक लेख वाचून दाखवला. त्या संध्याकाळी ६४ प्रती विकल्या गेल्या आणि वडिलांबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी टाकीच्या उंचीबाबतची माझी एक चूकही दाखवून दिली. खर्च तिकिटाचा आणि चहाचा.

तक्रारीविषयी जे मला उशिरा कळले ते येथे सांगते. ऑनलाइन पैसे पाठवल्यावर फसवणूक लक्षात आली, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळ गेल्यावर रक्कम थोपवणे कठीण होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आपण व्यापारासाठी सेवा घेतली होती, म्हणून ग्राहक ठरत नाही, असा मुद्दा समोरची बाजू काढू शकते, असे माझ्या वकिलांनी आधीच सांगून ठेवले आहे. तेव्हा संभाषणे, पावत्या आणि आश्वासने यांतले काहीही पुसू नये. माझी नोटीस "पत्त्यावर अशी संस्था नाही" या शेऱ्यासह परत आली. आता पैसे ज्या खात्यात गेले त्यावरून पुढचे काम चालू आहे.

सुरुवातीला ज्या नवलेखकाचा उल्लेख केला, तो सिन्नरचा एक तरुण शेतकरी आहे. आपल्या पहिल्या कवितासंग्रहासाठी त्याने १८,००० रुपये भरले आणि लगेच त्यालाही मागण्या आल्या. परवा तो पार्सलांच्या पावत्या घेऊन माझ्याकडे आला होता. आम्ही दोघांच्या पावत्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. वाचकांची नावे वेगळी होती. पुण्याची ती इमारत तीच होती आणि सदनिका क्रमांकही तोच.