सागरी मार्गावरचे चार मुक्काम: तीन पास, एक नापास

गेल्या शिमग्यात मी आणि माझी धाकटी नणंद वॅगनार घेऊन कोकणात वेळासपासून मालगुंडपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं गेलो. दोघीच. नवरे घरी, कारण एकाचं ऑडिट आणि दुसऱ्याचा गुडघा. हे लिहायचं कारण असं की निघण्यापूर्वी मी जेवढी परीक्षणं वाचली, त्यात खोलीचे पडदे होते, स्विमिंग पूल होता, ‘अमेझिंग व्ह्यू’ होता. पण जेट्टी किती लांब आणि सकाळी सातला चहा मिळेल का, हे एकानंही लिहिलेलं नव्हतं.

आधी रस्त्याचं. रेवस ते रेडी सागरी मार्ग नकाशावर सलग रेघ दिसतो, प्रत्यक्षात खाड्यांपाशी तुटतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या तिन्ही नद्या आम्ही फेरीबोटीनं ओलांडल्या: बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे आहेत, त्यांच्याकडे बघत बोट पलीकडे जाते. फोनवरचा नकाशा मात्र आम्हाला आंबेतच्या पुलाकडे वळवायला बघत होता. त्याचं ऐकू नका.

फेरीबोटीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. बागमांडल्याला बोटीवरच्या पोऱ्यानं हात केला, “ताई, रिव्हर्स घ्या.” उतारावरून, लोखंडी फळीवरून, मागे वीसेक मोटारसायकली आणि एक म्हातारे गृहस्थ कोंबडी काखोटीला मारून उभे असताना. तीस वर्षं गाडी चालवतेय, पण घाम फुटला. तो पोऱ्या काचेवर बोटांनी टकटक करत “या, या, या... बस” म्हणाला तेव्हा मागच्या टेम्पोत आणि माझ्यात वीतभर जागा होती. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहिलं की वारा आणि डिझेलचा वास. दहा-पंधरा मिनिटांत जिल्हा बदलतो. दाभोळची फेरी २००३ पासून चालू आहे. ती नसती तर चिपळूणला वळसा घालून शंभराच्या वर किलोमीटर पडले असते. तिथे आम्ही भर ओहोटीला पोचलो, फळी चांगलीच खाली गेलेली, गाडीचं पोट घासेल की काय असं वाटलं. घासलं नाही. समोरच्या काठावर जुन्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. आमच्या पिढीनं त्या चिमण्यांवर जेवढा वाद घातला तेवढा लग्नातल्या मानपानावरही घातला नसेल.

पहिला मुक्काम वेळास. हॉटेल नाही, राहतं घर. पुढच्या पडवीमागची खोली आम्हाला, बाकीची माणसं माजघरात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. त्याआधी ती अंडी चोरीला जायची. पुढे कासव महोत्सव आला, बघायला लोक यायला लागले आणि गावातल्या घरांनी आपापल्या खोल्या उघडल्या. म्हणजे इथे पाहुणा हा धंदा कासवानं आणलेला आहे, आणि गावाला त्याची जाणीव आहे.

फोनवर बुकिंग करताना घरमालकीण बाई पहिलं वाक्य बोलल्या होत्या, “पिल्लांची खात्री नाय हो. आली तर आली. आणि संडास मागल्या दारी आहे, रात्री बॅटरी लागंल. चालत असंल तर या.” मी तेव्हाच पैसे पाठवले.

संध्याकाळी किनाऱ्यावर कुंपणातल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू. शंभरेक माणसं, सगळी हिरमुसली. सकाळी परत गेलो. तिसरी टोपली उचलली आणि खाली सात पिल्लं! ऑलिव्ह रिडलेची, काळपट करडी, तळहातात मावतील एवढी. दोरीच्या पलीकडे सोडली. ओहोटी होती म्हणून पाणी लांब. ओल्या वाळूवर त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे उमटत होते, शिवणयंत्राची टीप घातल्यासारखे. एक पिल्लू माझ्या नणंदेच्या चपलेच्या ठशात पडलं. केवढा तो खड्डा त्याला! ती रडवेली होऊन “वहिनी, उचलू का?” म्हणतेय, आणि कासवमित्र पोरगा म्हणतोय, “हात नका लावू, येतंय ते.” आलं. पाच मिनिटं लागली, पण आलं.

घरी परत येईस्तोवर ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कोकमाच्या आगळाची कढी. दोघींचं जेवणखाण आणि राहणं धरून अडीच हजारांच्या आत. गादी कडक होती, गोधडीला कापराचा वास होता. परत जाईन.

पुढे केळशीहून आंजर्ल्याकडचा रस्ता या सगळ्या प्रवासातला सगळ्यात देखणा. एका बाजूला सुरू, दुसऱ्या बाजूला वाळत टाकलेली मासळी. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. संकष्टी दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे गर्दी नव्हती. हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघितला: होड्या आत पाण्यात, बैलगाड्या गुडघाभर पाण्यातून मासळी घेऊन येतात, मागे सुवर्णदुर्ग. लिलावाची भाषा मला अजिबात कळली नाही. नणंद म्हणाली कळली, पण सुरमई दुप्पट भावात घेऊन आली.

आता नापास मुक्काम. नाव लिहीत नाही, गावही नाही. त्या भागात अशी पाचपन्नास असतील. फोटोत बाल्कनी, बाल्कनीत दोन वेताच्या खुर्च्या, समोर निळाशार समुद्र. प्रत्यक्षात बाल्कनीसमोर शेजारच्या नव्या इमारतीची भिंत आणि पाण्याची काळी टाकी. समुद्र होता. न्हाणीघराच्या झरोक्यातून, बादली पालथी घालून त्यावर उभं राहिलं की दिसायचा. मॅनेजरला विचारलं तर म्हणे, “मॅडम, फोटो गच्चीवरून काढलेत. गच्ची सगळ्या गेस्टना अलाउड आहे.” ती विकत घेतलेली सुरमई तळून द्याल का, तर बाहेरचं चालत नाही. सकाळी सातला निघायचंय, नाश्ता? नऊनंतर. रात्री साडेअकरापर्यंत खाली पूलमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. सुरमई शेवटी रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्या काकूंना दिली, त्यांनी तळली आणि अर्धी त्यांच्याच घरात गेली. बरं झालं.

दोष माझाही आहे. तिथे मी फोन केलाच नव्हता; ॲपवर फोटो बघून पैसे भरले. वेळासच्या बाईंनी फोनवर स्वतःहून काय नाही ते आधी सांगितलं होतं. या लोकांनी काय आहे तेवढंच सांगितलं, आणि तेही नव्हतं.

गुहागरला म्हणून फोन केला. आजोबा बोलले: “चतुर्थीला आमच्याकडे पालखी यायची आहे. त्या रात्री स्वयंपाक साधा, वरणभात आणि काहीतरी. घरात माणसं असतील, आवाज होईल. दुसरीकडे बघायचं असेल तर बघा.” अहो, पालखी येणार म्हणून दुसरीकडे जायचं?

नारळ-सुपारीच्या वाडीत आत लांब घर, वाडीतून पाटाचं पाणी वाहतंय, संध्याकाळी सहालाच अंधार. मुंबईहून आलेले चाकरमानी भाचे अंगणात खुर्च्या मांडत होते. साडेनऊला लांबून ढोल ऐकू यायला लागले, ते दहा वाजता आले. पालखी अंगणात नाचवली, खांद्यावरून खांद्यावर. आजींनी आम्हालाही ओटी भरायला लावली; आमच्याकडे नारळ कुठला, तर म्हणाल्या, “वाडीत काय पिकतं मग इथे?” आणि एक आमच्या हातात दिला. सकाळी बंबाचं पाणी, घावन आणि नारळाचं दूध. अंघोळीच्या जागेला दाराऐवजी पडदा आहे हे सांगून ठेवते, काहींना ते चालणार नाही.

त्याच आजोबांनी हेदवीचा हिशोब सांगितला. बामणघळ, म्हणजे तिथली समुद्रकाठच्या खडकातली घळ, बघायची तर भरतीलाच. भरती कधी? तिथीची पाऊणपट. आज पंचमी, पाच पाऊण पावणेचार. मी जन्मभर आकडेमोडीवर पोट भरलं, पण हे गणित मला पन्नाशीनंतर कळलं. वेळणेश्वरला रमतगमत जेवलो, साडेतीनला काळ्या खडकावर जाऊन बसलो. खडकाला उभी चीर आहे. लाट आत शिरते, आतून घुमल्यासारखा आवाज येतो आणि पाणी वर उडतं. पुनवेचा जोर पंचमीला नसतो, त्यामुळे पाच-सहा लाटांमागे एखादीच उडायची. चारच्या सुमारास मात्र अशी एक आली की आम्ही दोघी नखशिखांत भिजलो आणि नणंदेचा चष्मा गेला. गेला म्हणजे गेलाच. पुढचे दोन दिवस गाडी मीच चालवली.

चौथा मुक्काम मालगुंड. केशवसुतांच्या गावी स्वच्छ खोली, बरं जेवण, तक्रार काही नाही, सांगण्यासारखंही काही नाही. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवून खाली बघत कलिंगड खाल्लं आणि रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूरमार्गे घरी.

जाणाऱ्यांनी रोख पैसे ठेवा, खाडीकाठी रेंज जाते. पेट्रोल दिसेल तिथे भरा. शेवटची फेरी किती वाजता ते मुक्कामाच्या घरी विचारा. ज्याला ते सांगता येत नाही तिथे राहू नका.

पुढच्या वर्षासाठी मी गुहागरला परवाच फोन केला. मार्चची कुठली तारीख मोकळी आहे, असं विचारलं. आजोबा म्हणाले, “तारखेचं मला काही कळत नाही, तिथी सांगा.”