नेता हटवायचा तर लंडनची पद्धत बरी की वॉशिंग्टनची?

संसदीय की अध्यक्षीय, असा पेच पडला असेल तर आधी नेता हटवायला काय लागतं ते बघा. ब्रिटनमध्ये स्वपक्षाच्या खासदारांनी पाठ फिरवली की संपलं. तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबर २०२२ ला करकपात जाहीर केली. पौंड घसरला, सरकारी कर्जरोखे गडगडले आणि २० ऑक्टोबरला राजीनामा. मात्र पुढचा पंतप्रधान मतदारांना न विचारताच आला, ही मोठीच खोट.

अमेरिकेत महाभियोगात (अध्यक्षावरच्या आरोपांच्या सुनावणीत) दोषी ठरवायला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ पडली, हवी होती ६७. आजवर एकही अध्यक्ष असा हटलेला नाही.

खर्चाचं विधेयक अडलं की तिथे सरकारी कार्यालयं बंद. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस. ब्रिटनमध्ये अशी टाळेबंदी होत नाही.

चूक झटपट सुधारायची असेल तर ब्रिटिश पद्धत घ्या. ठरलेली चार वर्षं आणि कायदेमंडळाचा स्वतंत्र लगाम हवा असेल तर अमेरिकी.