जिल्हा न्यायालयातलं लोकअभिरक्षक कार्यालय: पाचपैकी चार स्टार

वकील निवडायचा तर त्याने लढवलेल्या गाजलेल्या केसेस बघाव्यात, असं ज्याने त्याने मला सांगितलं. म्हणून आधी तसंच केलं. माझ्या मेसचे डबे पोचवणारा पोरगा, मूळचा झारखंडचा, यंदा होळीच्या रात्री हाणामारीत उचलला गेला होता. समोरच्याचं डोकं फुटलेलं, कलमं अजामीनपात्र. इथे त्याचं कुणी नाही, तेव्हा धावायचं मलाच. एका नावाजलेल्या फौजदारी वकिलांच्या ऑफिसात गेले. भिंतीभर लॅमिनेट केलेली कात्रणं: अमुक खुनात निर्दोष, तमुक घोटाळ्यात जामीन. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे म्हणतात, पण भिंतीला कोण विचारतो! फीचा आकडा ऐकून ‘विचार करून सांगते’ म्हटलं आणि जिना उतरले. त्यांचाच क्लार्क मागोमाग आला. “ताई, पोरगा आत आहे ना? मग विधी सेवाकडे जा की. पैसा लागत नाही.”

तर हे ते कार्यालय, आरोपीला मोफत वकील देणारं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतं. २०२२च्या योजनेनंतर देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अशी कार्यालयं उघडली. मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक अशी उतरंड. आमच्याकडे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि दारात कायम उभी असलेली माणसं. पूर्वी सरकारी मदतीची केस पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाला मिळायची आणि तो आपली खासगी कामं सांभाळून ती बघायचा. इथले वकील पूर्णवेळ, दरमहा मानधनावर, खासगी केस घ्यायचीच नाही. फुकटच्या केसला कोण वेळ देणार, ही माझी शंका तिथेच निम्मी फिटली.

उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला पळावं लागणार म्हणून मी धास्तावले होते. लागला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: कोठडीत असलेल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. एक अर्ज, एफआयआरचा नंबर, आणि वकीलपत्रावर पोराची सही.

आम्हाला मिळालेल्या सहायक वकील मॅडम वयाने तिशीच्या आत असतील. मी हाणामारीची हकिकत सुरू केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं. “ते नंतर. अटकेची कारणं त्याला लेखी दिली का? आणि कुठल्या भाषेत?” कागद मराठीत होता, पोरगा वाचतो फक्त हिंदी. वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय म्हणे, की गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी हवीत आणि आरोपीला कळेल त्या भाषेत हवीत. मॅडमनी रिमांडला तोच कागद वर धरला. पोरगा त्यावर सुटला नाही, खोटं कशाला सांगू. पण पोलिसांनी मागितलेला वाढीव पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, नाकारला गेला, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, आणि जामिनाचा अर्ज करायची वाट मोकळी झाली.

आता गाजलेल्या केसेसचं. या कार्यालयाच्या भिंतीवर कात्रण नाही, नुसतं कॅलेंडर आहे. पण हे टेबल ज्या निकालांच्या जोरावर उभं आहे ते मी नंतर वाचून काढले, आणि त्यांतले बरेच आपल्याच राज्यातून गेलेले आहेत. १९७८चा होसकोट खटला: शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रतच वेळेत मिळाली नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की प्रत मोफत द्या, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही द्या. गंमत म्हणजे होसकोट स्वतः हरले, फायदा मागून आलेल्या सगळ्यांचा झाला. १९८३चा शीला बर्से यांचा तर मला फारच आवडला. पत्रकार बाई मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बाईंनी सरळ सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तेवढ्या पत्रावर न्यायालयाने निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. स्त्रियांची कोठडी वेगळी आणि तिथे पहारा महिला पोलिसांचा, अटक झाली की विधी साहाय्य समितीला लगेच कळवायचं, हे सगळं त्या निकालातलं. पुढे २०१२ मध्ये कसाबच्या अपिलातही न्यायालयाने बजावलं की, आरोपी पहिल्यांदा समोर आला की मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. कसाबला सांगायचं, तर आमच्या डबेवाल्या पोराला का नाही?

जामीन मंजूर झाला आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. जामीनदार हवा, त्याच्याकडे सातबारा नाहीतर पगाराची स्लिप हवी. माझी मेस भाड्याच्या जागेत. असे मंजूर होऊनही आत अडकलेले पुष्कळ, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता: सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. मॅडमनी सात दिवसांची वाट न बघता रोख जामिनाचा, म्हणजे जामीनदाराऐवजी पैसे भरायचा, अर्ज टाकला. तो मंजूर झाला. पोरगा बाहेर आला, दुसऱ्या दिवशी डबे घेऊन निघाला.

एक स्टार कापला तो निरोपाच्या घोळाबद्दल. फोन उचलला जात नाही. मॅडमची दुसऱ्या कोर्टात बदली झाली हे मला बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं, आणि नवीन सर पहिल्या तारखेला आले तेव्हा त्यांनी फाइल उघडलेलीही नव्हती. चार्जशीटची प्रत मागायला मला तीनदा वरखाली करायला लावलं. कामाचा बोजा दिसतो, मान्य. पण आईबाप झारखंडात बसलेत, त्यांना मी काय सांगू?

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या: हे कार्यालय फक्त आरोपीच्या बाजूने, फौजदारी केसेसच घेतं. पोटगी, जागेचा वाद, किंवा तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर तिथूनच पॅनलच्या वकिलाकडे पाठवतात. माणूस रात्री उचलला गेला असेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. आमच्याकडे सकाळी अकराला सगळे वकील रिमांडला पळतात, बोलायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतर जा.